दोन शनिवार

रताळ्याच्या पाईचा शेवटचा तुकडासुद्धा संपला, तरी आईने नाव घेतलं नाही.

बेलिंजरांच्या घरात हे आजवर कधी घडलं नव्हतं. निवडणूक शेरीफची असो की राष्ट्राध्यक्षाची, तिच्या आधीच्या रविवारी चर्च सुटलं की सगळे या टेबलाभोवती जमायचे, तांबडा भात आणि कोलार्डच्या पाल्याची भाजी चापायचे, आणि पाई कापून झाली की आई, म्हणजे लूडी बेलिंजर, सुरी ताटलीच्या कडेला पुसून एक नाव सांगायची. एकच. का, कशासाठी, हे कोणी विचारायचं नाही. ही रीत वडिलांनी घालून दिलेली. त्या काळी काळ्या माणसाने मत दिलं की दुसऱ्या दिवशी त्याचं काम गेलेलं असायचं. एकेकटे गेलो तर एकेकाला गाठतील, सगळे मिळून एकाच नावावर गेलो तर कुणाकुणाला गाठणार, असं वडिलांचं म्हणणं. वडील गेले, तो काळही गेला म्हणतात, पण रीत राहिली. पुढे पुढे तर माउंट कार्मेल चर्चमधली निम्मी माणसं सोमवारी हळूच विचारायला लागली, "मिस लूडी काय म्हणाल्या?"

आणि आज सुरी पुसून झाली, रुमाल घडी करून झाला, तरी आई आपली खिडकीबाहेरच्या पेकनच्या झाडाकडे बघत बसलेली.

तिच्या थोरल्या लेकीला, व्हर्लीनला, बसल्या जागी घाम फुटला. भाऊ थॅडियस आणि त्याची लेक जनेल, दोघंही आपापलं ठरवूनच आले होते. त्यांना आईचा फक्त शिक्का हवा होता. व्हर्लीनला खरोखरच नाव हवं होतं. साठीला आलेली बाई, वर्षानुवर्षं शाळेची बस चालवते, पन्नास पोरांना एका नजरेत गप्प बसवते, पण मत कोणाला द्यायचं हे तिने जन्मात कधी स्वतः ठरवलं नव्हतं. या खेपेला तर पंचाईतच होती. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायचा होता, आणि समोर एकीकडे ती बाई, दुसरीकडे तो काळा पोरगा. जो शेवटचा बोलेल त्याचं व्हर्लीनला पटायचं.

"आई," थॅडियसने घसा खाकरला. जिल्ह्यातल्या सगळ्या काळ्या माणसांची शेवटची व्यवस्था याच्या फ्युनरल होममध्ये, शिवाय कौंटीच्या कौन्सिलवर निवडून आलेला. घरच्या जेवणालासुद्धा काळा टाय लावून यायचा. "मी बाईंच्या माणसांना शब्द दिलाय. बेलिंजर आणि माउंट कार्मेल, दोन्हींचा."

"कोणाला विचारून दिलात?" जनेल म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये कुठे? मी टोकाला बसलेय."

पर्विस मामा खुदकन हसला. हा आईचा धाकटा भाऊ. उमेदीची सगळी वर्षं न्यूयॉर्कात घालवून दात पडल्यावर गावी परत आलेला, आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीवर त्याचं काही ना काही मत.

"निष्ठा म्हणून काही असते की नाही?" थॅडियसने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. "बाईंच्या घराण्याशी आपलं जुनं आहे. पडत्या काळात ती माणसं आपल्यासोबत होती. हा पोरगा कालपर्यंत कोणाला ठाऊक होता?"

"आयोवा राज्याला ठाऊक होता," जनेल म्हणाली. "तिकडच्या मतदानात बर्फातून येऊन त्याला जिंकवलं बाबा, आणि कोणी? गोऱ्यांनी! आपण मात्र इथे ऊब घेत विचारतोय, हा कोण म्हणून."

"आपला तो बाब्या, दुसरं काय!" मामा म्हणाला. "रंग बघूनच मत द्यायचं तर मला उभं करा की. मी त्याच्याहून चांगला चार पट काळा आहे."

सगळे हसले. आईसुद्धा किंचित. मग मामाच्याच चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"पण अक्का, खरं सांगू? निवडून आलाच समजा. जगू देतील त्याला?"

हीच गोष्ट गेला महिनाभर बायका केस करून घेताना, कॉयरची तालीम संपल्यावर, आवाज खाली आणून बोलत होत्या. आपण मत नाही दिलं तर निदान लेकरांसाठी त्यांचा बाप तरी राहील. व्हर्लीन स्वतःच दोनदा असं बोलली होती आणि दोन्ही वेळा तिला ती माया वाटली होती.

"म्हणजे ते मारतील म्हणून आपणच आधी त्याला पाडायचं?" जनेलचा आवाज चढला.

"तू कोणाला पुरलेलं नाहीस पोरी," मामा म्हणाला. "म्हणून बोलतेस."

आई उठली. "मी जरा बाहेर बसते," ती म्हणाली. "नाव मग सांगेन." आणि काठी टेकत पोर्चवर गेली.

"थकली," थॅडियस म्हणाला.

"रागावली," जनेल म्हणाली.

"थकली नाही की रागावली नाही. काहीतरी पोटात ठेवून आहे," मामा म्हणाला, आणि कोणाच्या तरी ताटलीतला पाईची कड उचलून तोंडात टाकला.

व्हर्लीन ताटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेली, तशी मागोमाग थॅडियस आला. दार लोटून घेतलं.

"ताई, तुला काही बोलली का ती?"

"नाही रे."

"तू सांगितलेलं ती ऐकते. तिला म्हणावं, त्या पोराचं नाव घे."

व्हर्लीनच्या हातातली ताटली सुटता सुटता राहिली. "अरे, आत्ता तर तू बाईंना शब्द दिला म्हणालास!"

"म्हणूनच तर! मी शब्द फिरवला तर बेइमान ठरतो. आईने नाव घेतलं तर मी आज्ञाधारक मुलगा."

"म्हणजे तुला तो पोरगा हवाय?"

"मला काय हवंय ते विचारू नकोस." तो सिंकला टेकून उभा राहिला. "परवा म्हाताऱ्या गेदर्सना तयार करत होतो. नव्वदीचा माणूस. त्यांच्या बायकोने कोटाच्या खिशाला त्या पोराचा बिल्ला लावून पाठवला होता, आणि म्हणाली, तसाच जाऊ दे त्यांच्यासोबत. झाकण लावताना मला वाटलं, थोडक्यात चुकलं हो याचं. थोडं थांबला असता तर." मग त्याने टाय सरळ केला. "पण शब्द दिलाय. निष्ठा ठेवायला पाहिजे. कोणाशी, तेच कळेनासं झालंय."

तो बाहेर पडतो न पडतो तोच जनेल आत.

"आत्या, बाबा काय म्हणत होते?"

"भांडी पुसतो म्हणत होता."

"थापा मारू नकोस." तिने फडकं उचललं आणि एकच पेला पुसत राहिली. "मोठ्या आईने बाईंचं नाव घेतलं तर मला राग येईल की सुटल्यासारखं वाटेल, मला सांगता येत नाही."

"तू? तू तर शाळेला दांडी मारून त्याच्यासाठी दारं ठोठावत हिंडतेस!"

"कॉलेजला, आत्या. तिथे त्या दिवशी टीव्हीवाले आले होते. मला विचारतात, तू बाई म्हणून मत देणार की काळी म्हणून? जसे काही वारच वाटून घेतलेत मी. सोमवारी बाई, मंगळवारी काळी. मी म्हटलं, मी जनेल म्हणून देणार. फार टाळ्या पडल्या. मग खोलीवर येऊन विचार केला, तो गोरा असता तर मी या थंडीत हिंडले असते का?"

"असतीस का?"

"नसते. बरं, मग ती बाई काळी असती तर?"

"थांब बाई, थांब," व्हर्लीन म्हणाली. "माझं डोकं गरगरायला लागलं."

बाहेरून आईची हाक आली. "व्हर्लीन, माझा कोट आण गं!"

आईचा रविवारचा जांभळा कोट दारामागे टांगलेला होता. खांद्यावर टाकायचा म्हणून व्हर्लीनने त्याची कॉलर उलटली, तर बोटांना काहीतरी चिकट लागलं. बघते तर आतल्या बाजूला छोटा गोल कागद डकवलेला. त्यावर झेंडा, आणि "मी मत दिलं" अशी अक्षरं. मत दिल्यावर हातावर ठेवतात तो. दर निवडणुकीला आई तो छातीवर लावून संध्याकाळपर्यंत गावभर मिरवायची. तो आत लपवताना तिला कधी कोणी पाहिलं नव्हतं.

आणि मतदान तर अजून व्हायचं होतं. येत्या शनिवारी.

जुना असेल म्हणावं, तर नाताळानंतर कोट धुवून आला होता. व्हर्लीन दाराशीच उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं. या राज्यात दोन पक्षांचे दोन शनिवार असतात. पहिला त्यांचा, बहुतेक गोऱ्यांच्या पक्षाचा; दुसरा आपला. कोणीही कुठेही जावं, पण एकाच ठिकाणी. तिथे सही केली की इथलं दार बंद. गेल्या शनिवारी त्यांचा पक्ष आपला उमेदवार ठरवत होता. आणि गेल्या शनिवारी व्हर्लीन शाळेच्या बँडच्या पोरांना घेऊन दिवसभर राजधानीत, कोलंबियाला, गेली होती. आई घरात एकटी होती.

पोर्चवर येऊन तिने कोट आईच्या खांद्यांवर घातला आणि शेजारी बसली.

"आई, गेल्या शनिवारी तू शाळेत गेली होतीस?"

आईने समोर पाहिलं. रस्त्यापलीकडच्या शेतापलीकडे शाळेचं छप्पर दिसत होतं. मतदान तिथेच व्हायचं.

"हळू बोल," ती म्हणाली. "तुझ्या मामाचे दात गेलेत, कान नाही गेले."

"अगं पण कशी गेलीस?"

"कशी म्हणजे, पायी गेले. रेडिओवर म्हणाले आज मतदान. मी कधी पहिली गेले नाही असं झालंय का?" तिने कोट घट्ट ओढून घेतला. "गार पाऊस होता. रांगेत बघते तर सगळे गोरेच. मी म्हटलं, आपली माणसं झोपलीत थंडीने, येतील नेहमीसारखी दुपारी. आणि मग माझ्या मनात आलं... व्हर्लीन, मला वाटलं, हे सगळे त्या पोरासाठी आलेत."

"आई गं!"

"जनेल सांगत होतीच, तिकडे आयोवात आले म्हणून. म्हटलं, इथेही आले. तो हार्डवेअरवाला म्हातारा क्लेबर्न माझ्यापुढे उभा. त्याचा बाप आम्हाला मागच्या दाराने यायला लावायचा. हा मला टोपी काढून म्हणतो, मॅडम, गारठा आहे, तुम्ही पुढे व्हा. मी पुढे झाले. त्याच्या मागचा सरकला. त्याच्या मागचीही सरकली. सगळ्या रांगेने मला वाट दिली गं. डोळे भरून आले माझे. घरून निघाले तेव्हा माझं ठरलेलं नव्हतं. पर्विसला वाटते तीच भीती मलाही होती. ती त्या रांगेत गेली. म्हटलं, ही माणसं जर याच्यासाठी पावसात उभी राहताहेत, तर याला कोण हात लावणार आहे? तिथेच ठरवलं. त्यालाच द्यायचं."

"आणि?"

"आणि मशीनच्या पडद्यावर त्याचं नावच नाही. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. तो नाही, ती बाईही नाही. नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन बघितलं. मग ती तिथली पोरगी आली. गोड पोर होती. म्हणाली, मिस लूडी, तुम्हाला काही मदत हवीय का?"

पुढचं आईने सांगायची गरज नव्हती. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या तरुण लूडीला कोर्टाच्या कचेरीत राज्यघटनेचा उतारा वाचायला लावला, आणि गोरा कारकून म्हणाला, एक शब्द चुकला. कुठला, ते सांगितलं नाही. ती पुन्हा गेली, पुन्हा चुकला. तिसऱ्या खेपेला मत द्यायचं कार्ड मिळालं. हे बेलिंजरांच्या घरातल्या पोरांना अंगाईसारखं पाठ होतं. त्या दिवसानंतर या जिल्ह्यातल्या कुठल्याही गोऱ्या माणसासमोर "मला कळलं नाही" हे शब्द तिने तोंडातून काढले नव्हते.

"मी म्हटलं, नको, मला वाचता येतं," आई म्हणाली. "आणि दाबलं बटण."

"कोणाचं?"

"सगळ्यात वरच्याचं. आता नावही आठवत नाही. देव त्याचं भलं करो."

व्हर्लीनला आधी हसूच फुटलं. तोंडात पदर कोंबावा तसा तिने हातातला रुमाल कोंबला. आणि मग तिने तो रुमाल हळूच खाली घेतला, कारण तिला त्या पडद्यासमोर एकटी उभी असलेली आई दिसली. जन्मभर ज्या मताची वाट बघितली ते नेमकं भलत्याच्या पदरात टाकून, कोट आवळून, पावसातून परत येणारी. तिला फार वाईट वाटलं.

"आता तूच सांग," आई म्हणाली. "ज्यामुळे मी ठरवलं ते तर झालंच नव्हतं. ते गोरे त्याच्यासाठी आलेच नव्हते. मग माझं ठरलेलं अजून ठरलेलंच आहे, की तेही गेलं? सारखा तोच विचार. पाई कापतानाही तोच. कोणाचं नाव घेऊ?"

"मला काय विचारतेस आई? मी तर तुझ्या तोंडाकडे बघत बसलेय." मग एकाएकी तिला सुचलं. "माझं मत घे तू. तू म्हणशील त्याला देते. तुझंच समज."

आईने काठी आपटली. "मुळीच नाही! कोणाचं मत कोणी देत नसतं. त्यासाठी का मी तीन तीन वेळा त्या मेल्या कचेरीत..."

वाक्य अर्धंच राहिलं. आईने मान वळवून खिडकीतून आत पाहिलं. थॅडियस टायशी खेळत होता, जनेल नखं खात होती, पर्विस मामा रिकाम्या ताटलीत काट्याने रेघा ओढत होता. तिघंही तिच्या नावासाठी ताटकळलेले.

"मग इतकी वर्षं मी काय करत आले?" ती म्हणाली. ते तिने व्हर्लीनला विचारलं नव्हतं.

आत जाऊन तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, वरचं बटणसुद्धा नाही. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावर डोळे पुसत बसला. ते पाणी कशाचं ते त्याचं त्यालाच ठाऊक. जनेलने उठून आजीला मिठी मारली.

"चर्चमध्ये कळलं तर?" थॅडियस म्हणाला.

"कळू दे."

"पण नाव, आई? नाव काय सांगायचं?"

"नाव नाही. आपापलं बघा."

"निदान कल तरी, मोठी आई," जनेल म्हणाली.

"कलही नाही."

व्हर्लीनने भावाकडे पाहिलं. जत्रेत आईचं बोट सुटलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता. त्याला आता आड लपायला कोणी उरलं नव्हतं. तसं पाहिलं तर तिलाही नव्हतं.

शनिवारी ऊन पडलं होतं. आई ऐकेना, येणारच म्हणाली. जांभळा कोट, डोक्यावर पिसांची हॅट. मत द्यायचं नव्हतं तरी शाळेच्या आवारात गाडीत पुढच्या सीटवर काच खाली करून बसली. रांग इमारतीला वळसा घालून गेली होती. माउंट कार्मेलची सगळी माणसं त्यात होती, आणि मिस लूडीकडून काहीच कळलं नाही म्हणून एकमेकांकडे बघत होती. पुढे कुठेतरी थॅडियस होता, आज बिनटायचा. आणि मध्ये मध्ये गोरीही होती. इथे एक, तिथे दोघं.

"व्हर्लीन," आईने हाक मारली. "ते कोणासाठी आलेत गं?"

"मी काय विचारू जाऊन त्यांना?"

"विचार की."

"गप्प बस आई."

व्हर्लीनच्या पुढे चेक्सच्या शर्टातला एक गोरा म्हातारा होता. तो बाईंसाठी आला असेल, पोरासाठी आला असेल, की आणखी तिसऱ्यासाठी. त्याच्या मानेवरून काही कळत नव्हतं. रांग पुढे सरकेपर्यंत व्हर्लीन त्या मानेकडे बघत राहिली.

पडद्यावर नावं होती. बाईंचं होतं, त्याचंही होतं. तिने थॅडियसचं म्हणणं आठवलं, ते पटलं. जनेलचं आठवलं, तेही पटलं. मामाचं आठवलं, आणि पुढे केलेलं बोट तिने मागे घेतलं. मागे माणसं खोळंबली होती. तेव्हा तिला सुचलं ते तिच्या रोजच्या कामातलं. बस थांबवायची, बाजूचा 'थांबा' लिहिलेला लाल पाटीवाला हात बाहेर काढायचा, दार उघडायचं. पोर रस्ता ओलांडायला लागतं. गाड्या थांबतीलच याची खात्री कोणी देत नाही. एखादा मुडदा तसाच सुसाट येतो. तरी दार उघडावंच लागतं, कारण पोराला पलीकडे जायचं असतं. आणि ते पोचेपर्यंत आपण श्वास रोखून बघत राहायचं.

जप रे देवा याला, असं म्हणून तिने त्याच्या नावावर बोट ठेवलं.

गाडीशी येऊन ती स्टिअरिंगमागे बसली. आपला गोल कागद काढून तिने आईच्या कॉलरवर लावला, बाहेरच्या बाजूने.

"हे खोटं आहे," आई म्हणाली.

"खोटं कसं? दिलंस ना मत?"

आई हसली. मग म्हणाली, "कोणाला दिलंस?"

"नाही सांगणार."

"मला?"

"तुलासुद्धा नाही."

व्हर्लीनने किल्ली लावायला हात पुढे केला. किल्ली एकदा घसरली, दुसऱ्यांदाही घसरली. आईने तो हात पकडला, आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून ठेवला, थरथर थांबेपर्यंत.

"नको सांगूस," आई म्हणाली. "बाईला देऊन आलेल्या माणसाचा हात असा कापत नाही."